नव्या बालवाडी ताईला

बालविकासाचा अभ्यास सुरू केलास, फार बरं वाटलं. मुलांची समज कशी वाढते हे अभ्यासणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे वाचशील त्याच दिवशी पाच-पाच शेंगदाण्यांच्या दोन ओळी चार वर्षांच्या पोरासमोर मांड. मग एक ओळ पसरव. ‘इकडे जास्त’ असं ते बहुधा म्हणेल. लगेच चूक म्हणू नकोस. ओळ पसरली तरी दाणे तेवढेच, हे सात वर्षांच्या आसपास उमगतं.

आणि हे मनापासून सांगते: आपल्या जळगाव-धुळ्याकडची कितीतरी पोरं घरून अहिराणी घेऊन येतात. पहिल्या वर्षी मी ‘आंडोर नाही, मुलगा म्हण’ असं टोकत राहिले. एक बडबडी पोरगी महिनाभर गप्प झाली. अजून सलतं ते. आधी तिच्या बोलीत गोष्ट ऐक, प्रमाण मराठी मागून येते.

पेन्सिलीची घाई नको. बोटांत बळ यायला आधी शेंगा सोलू दे, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ मळू दे.