एम.एस्सी. केमिस्ट्रीनंतर औषध संशोधनात कॉम्प्युटेशनल केमिस्ट व्हायचंय. नेमकं काम काय असतं?

संगणकावर बसून एकट्यानं औषध शोधायचं, असं चित्र डोक्यात असेल तर काढून टाका. बराच वेळ सिंथेसिसवाल्यांशी (प्रयोगशाळेत रेणू बनवणाऱ्यांशी) वाद घालण्यात जातो: सुचलेल्या ५० रेणूंपैकी कुठले १० आधी बनवायचे?

डॉकिंग झटपट होतं. रेणू प्रथिनाच्या खाचेत कसा बसेल याचा अंदाज येतो, पण त्यात मिळणाऱ्या स्कोअरवर डोळे मिटून क्रमवारी लावू नका. रेणू प्रथिनाला किती घट्ट चिकटेल हे काढणारी फ्री एनर्जीची गणितं जास्त भरवशाची (आणि जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरचा, जीव काढणारी). तरी सगळं जुळून आलं तरी साधारण १ किलोकॅलरी प्रति मोलची चूक राहतेच. १.४ किलोकॅलरी इकडेतिकडे झाली की चिकटण्याच्या ताकदीत दहापट फरक पडतो, म्हणजे बघा! शिवाय नुसतं घट्ट चिकटून भागत नाही. विद्राव्यता, यकृतात होणारं विघटन, हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या एचईआरजी चॅनेलवरचा परिणाम, हेही बघावं लागतं.

तयारीसाठी पायथॉन, आरडीकिट (रेणू हाताळायला), ग्रोमॅक्स (रेणूंच्या हालचालींच्या सिम्युलेशनला), ऑटोडॉक व्हिना (डॉकिंगला). सगळं फुकट आहे. पण ऑरगॅनिक केमिस्ट्री सोडू नका. जो रेणू बनवताच येत नाही तो सुचवलात, तर पुढच्या मीटिंगमध्ये तुमचं कोणी ऐकणार नाही. चांगल्या कंपन्यांत बहुधा पीएच.डी. मागतात.