वाचकांचे प्रश्न : वुडपिजनसाठी काडतूस कोणतं घेऊ?

प्रश्न : शेजारच्या शेतकऱ्यानं त्याच्या रेपच्या (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) रानात बसणारी वुडपिजन, म्हणजे रानकबुतरं, मारायला बोलावलं आहे. शॉटगन सर्टिफिकेट मिळालं, बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) दुनळीही घेतली. पण काडतुसं आणायला गेलो तर समोर भिंतभर खोकी : २८ ग्रॅम, ३० ग्रॅम, ३४ ग्रॅम, पाच, सहा, सात नंबर, फायबर, प्लास्टिक, काहींवर ‘हाय व्हेलॉसिटी’. दुकानदार म्हणाला, सगळीच चांगली. रिकाम्या हातानं परत आलो. – अ. द., लिंकनशर

उत्तर : ३० ग्रॅम, सहा नंबर, फायबर वॉड (वॉड म्हणजे काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामधलं बूच). आधी उत्तर देऊन टाकलं, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

दुकानदार खोटं बोलला नाही. त्या भिंतीवरच्या बहुतेक काडतुसांनी पंचवीस-तीस यार्डांवरचं वुडपिजन पडतं. प्रश्न असतो तो पस्तीस-चाळीस यार्डांचा, आणि तिथं दोन गोष्टींची ओढाताण चालते : छर्रे पुरेसे दाट पोचले पाहिजेत आणि पोचलेल्या छऱ्यात आत शिरण्याइतका जोर उरला पाहिजे. इंग्लिश मापात नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक. सहाचा छर्रा २.६ मिलिमीटरचा, एका औंसात साधारण २७०. म्हणजे ३० ग्रॅममध्ये २८५ च्या आसपास. पाच नंबर घेतलात (२.८ मिलिमीटर) तर प्रत्येक छर्रा वजनदार, पण तेवढ्याच वजनात ते २३० च्या घरात येतात आणि लांबवर जाळी विरळ होते. सात नंबर (२.४ मिलिमीटर) घेतलात तर ३६० छर्रे मिळतात. तीस यार्डांपर्यंत सात नंबर झकास चालतो, मी स्वतः कापणीनंतरच्या धसकटांवर तोच वापरतो. पण हिवाळ्यात रेपवर आलेली कबुतरं शहाणी झालेली असतात, लांबूनच वळतात. तिथं सहाच बरा. खोक्यावर नंबराशेजारी मिलिमीटर छापलेले असतात, ते वाचायची सवय लावून घ्या. अमेरिकन साडेसात म्हणजे जवळपास इंग्लिश सात. नुसत्या नंबरावर गेलात तर फसाल.

छर्रे पुरेसे दाट आहेत की नाहीत, हे खोकं सांगत नाही. ते कागद सांगतो. सव्वा मीटर चौरस कागद लाकडी चौकटीला लावा, मागं सुरक्षित मातीचा बांध असू द्या, चाळीस यार्ड मोजून एक बार काढा. छऱ्यांची जिथं सगळ्यात दाटी आहे त्याभोवती ७६ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढून भोकं मोजा. वुडपिजनसाठी सव्वाशेच्या आसपास भोकं हवीत. पाव चोकमधून (चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला आवळपणा) चाळीस यार्डांवर निम्म्याहून थोडे जास्त, साधारण ५५ टक्के, छर्रे त्या वर्तुळात पडावेत अशी अपेक्षा असते. २८५ चे ५५ टक्के म्हणजे दीडशेच्या वर. हिशेब कागदावर छान जमतो. तुमच्या नळीतून जमतो का, ते बघा. एका बारावर विसंबू नका, प्रत्येक नळीचे पाच-सहा कागद तरी करा. आकडा झाला की पेन्सिल ठेवून नुसतं पाहत बसा : वर्तुळात कुठं तळहाताएवढी कोरी जागा राहिली आहे का? तेवढ्या जागेतून कबुतर सुटतं. त्याचं अंग तेवढंच असतं, बाकी सगळी पिसं आणि पंख.

त्यासाठी आधी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं पंचवीस-पंचवीसचं एकेक खोकं आणा, कागदावर बघा, जे बरं दिसेल त्याचा अडीचशेचा खोका नंतर घ्या. उलट क्रमानं जाणारे बरेच भेटतात.

‘हाय व्हेलॉसिटी’चं सांगतो. नळीच्या तोंडाशी असलेल्या गतीत सेकंदाला शंभर फुटांचा फरक असला, तर तीस यार्डांवर छर्रे पोचायला सेकंदाचा दोनशेवा भाग कमी लागतो. ताशी चाळीस मैलांनी जाणारं कबुतर तेवढ्या वेळात आठ-दहा सेंटिमीटर पुढं सरकतं. त्या अंतरावर तुमच्या छऱ्यांचा फैलाव पाऊण मीटरहून मोठा असतो. म्हणजे चुकलेला नेम हे काडतूस सुधारत नाही, खांद्याला धक्का मात्र जास्त देतं. नकली पक्षी मांडून लपणात बसलात आणि दिवस चांगला गेला, तर शंभराच्या वर बार होऊ शकतात. दुपारनंतर दुखरा खांदा बंदुकीकडून अंग चोरायला लागतो आणि मग कुठलंच काडतूस लागत नाही. बंदूक हलकी असेल तर २८ ग्रॅमवर या, बिनदिक्कत.

लपणालपणात तुम्हाला एक दंतकथाही ऐकू येईल, की वुडपिजनला चिलखत असतं, त्याला ३६ ग्रॅमशिवाय गत्यंतर नाही. खरं असं की त्याची पिसं अंगाला फार सैल बसलेली असतात. कडेचे एक-दोन छर्रे लागले तरी मूठभर पिसं हवेत तरंगतात आणि पक्षी आपल्या वाटेनं जातो. मारणाऱ्याला वाटतं, बार लागला पण भेदला नाही. तो आणखी जड काडतुसं आणतो, पुन्हा पक्ष्याच्या मागं मारतो, पुन्हा पिसं उडतात. पडलेलं कबुतर सोलून बघा : छातीवरच्या पातळ कातडीखाली छर्रा सापडतो आणि त्याच्यासोबत आत ओढला गेलेला पिसाचा करडा तंतू. चिलखत कुठंच नसतं. घशाखालची पिशवी रेपच्या पानांनी गच्च भरलेली असते, शेतकऱ्यानं तुम्हाला का बोलावलं तेही तिथंच कळतं.

वॉड फायबरचाच का? प्लास्टिकचा पेला छर्रे थोडे एकत्र धरतो, पण बार झाल्यावर शेतात पडून राहतो, आणि गुराढोरांच्या रानात तो कुणालाच नको असतो. बहुतेक शेतकरी फायबरचीच अट घालतात. तुमच्यानं नसेल घातली तरी पाळा, पुन्हा बोलावणं येईल.

आणि एक काम काडतुसाआधी : पस्तीस पावलांवर एक नकली पक्षी सगळ्यांच्या पलीकडं, एकटा मांडा. त्याच्या पलीकडं जे असेल त्याच्यावर बार काढायचा नाही. हे पाळलंत तर वर लिहिलेल्यापैकी निम्मं विसरलात तरी चालेल.

इंग्लंडमध्ये हे सगळं जनरल लायसन्सखाली चालतं. पिकाच्या गंभीर नुकसानीसाठीचं ते जीएल ४२. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, पण अटी लागू असतात : हुसकावण्याचे इतर उपाय करून पाहिलेले असायला हवेत, नुसती हौस हे कारण चालत नाही. वाचून जा. स्टॉक डव्ह या दुसऱ्या कबुतराला हात लावायचा नाही, ते संरक्षित आहे. वुडपिजनच्या मानेवर पांढरा ठिपका आणि उडताना पंखावर पांढरा पट्टा दिसतो. स्टॉक डव्हला दोन्ही नसतात आणि ते अंगानं लहान असतं. शंका आली की बंदूक खाली.

प्रश्न : शिशाच्या छऱ्यांवर बंदी येणार म्हणतात. मग आत्तापासूनच स्टील घ्यावं का? माझ्या इंग्रज सासऱ्यांनी त्यांच्या वडिलांची जुनी दुनळी मला दिली आहे, तिच्यात चालेल? – जावई, यॉर्कशर

उत्तर : बंदी येणार आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी सरकारनं जुलै २०२५ मध्ये तसं जाहीर केलं, तीन वर्षांच्या मुदतीसह. पाणपक्ष्यांसाठी शिसं इंग्लंडात १९९९ पासूनच बंद आहे, म्हणजे स्टीलनं पक्षी पडतो की नाही हा वाद जुना होऊन गेला. पडतो. फक्त हिशेब बदलतो. शिशाची घनता ११ च्या वर, स्टीलची ८ च्या आत. हलका छर्रा वाटेत लवकर दमतो, म्हणून दोन नंबर जाड घ्यायचा : शिशाच्या सहाच्या जागी स्टीलचा चार, ३.१ मिलिमीटर. छर्रे जाड झाले तरी हलके असल्यामुळं २८ ग्रॅममध्ये सव्वादोनशेच्या वर बसतात. शिवाय स्टील नळीत चेपत नाही, गोल राहतं, त्यामुळं एकत्र जातं. अर्ध्या चोकची सवय असेल तर पाववर या. पुन्हा कागदावर तपासा, शिशाचा अनुभव इथं जसाच्या तसा लागू होत नाही. स्टील कडक जागेवर आपटून उलट येतं. दगडी भिंतीजवळ आणि गोठलेल्या जमिनीवर सांभाळून, डोळ्यांना चष्मा हवाच.

आता सासरेबुवांची बंदूक. तिच्यात आधी शिशाचंसुद्धा काडतूस घालू नका. गनस्मिथकडे न्या आणि तीन गोष्टी विचारा. पहिली, नायट्रो प्रूफचा, म्हणजे आजच्या धूररहित दारूसाठी नळी तपासल्याचा, शिक्का आहे का. नुसत्या काळ्या दारूसाठी तपासलेल्या नळीत आजची काडतुसं चालत नाहीत. दुसरी, चेंबर, म्हणजे नळीचा काडतूस बसणारा भाग, किती लांब. जुन्या इंग्लिश बंदुकांचं चेंबर बहुधा ६५ मिलिमीटरचं असतं. ७० चं काडतूस त्यात मुकाट्यानं बसतं, कारण काडतुसाची लांबी मोजतात ती बार झाल्यावर उलगडलेल्या नळकांड्याची. बसलं म्हणजे चालतं असं समजू नका; तोंड उघडायला जागा नसली की दाब वाढतो. तिसरी, नळीची जाडी किती उरली आहे.

नायट्रो प्रूफ असलेल्या, धडधाकट बंदुकीत चेंबरला जुळणारं स्टँडर्ड स्टील चालतं. बारा बोअरच्या स्टँडर्ड स्टीलमध्ये छर्रा ३.२५ मिलिमीटरच्या आत ठेवावा लागतो, म्हणजे आपला चार नंबर नेमका बसतो. ‘हाय परफॉर्मन्स’, म्हणजे जास्त दाबाचं, स्टील मात्र फ्लर-द-लीचा म्हणजे कमळासारख्या फुलाचा शिक्का असलेल्या बंदुकीतच. नळ्या वळ्या-वळ्यांच्या नक्षीच्या, दमास्कसच्या निघाल्या तर स्टीलचा विषय तिथंच संपला. मग बिस्मथ धातूचे छर्रे बघा. ते शिशाच्या बरंच जवळ आहे, महाग पडतं, पण सासऱ्यांच्या वडिलांची बंदूक भिंतीवर टांगण्यापेक्षा परवडतं.

घरात लहान मुलं असतील किंवा कुणी गरोदर असेल, तर बंदीची वाट न बघता ताटातल्या कबुतरासाठी शिसं आत्ताच सोडा. छर्रा वेचून काढला तरी शिशाचे बारीक कण मांसात राहतात.

प्रश्न : क्लेच्या (हवेत उडवलेल्या थाळ्यांच्या) सरावाची २४ ग्रॅम, साडेसात नंबरची बरीच काडतुसं उरली आहेत. कबुतरांवर संपवू का? – एक वाचक, केंट

उत्तर : संपवा, पण क्लेवरच. साडेसातचा एक छर्रा सहाच्या दोन-तृतीयांश वजनाचा असतो. क्लेची थाळी एका-दोन छऱ्यांनी फुटते, तिला बरगड्या नसतात. पंचवीस यार्डांच्या आत कबुतर पडेलही, पण त्यापुढं जखमी होऊन झाडीत जाऊन मरेल, आणि ते तुम्हाला दिसणारही नाही.

प्रश्न : मी वीस बोअर वापरते. नवरा आणि त्याचे मित्र बारावाले. ते म्हणतात, वीसनं वुडपिजन म्हणजे खेळणं. – सौ. क., सफक

उत्तर : त्यांना हिशेब करायला सांगा. वीस बोअरमध्ये २४ ग्रॅम सहा नंबर म्हणजे सव्वादोनशेच्या वर छर्रे. अर्ध्या चोकमधून साठ टक्के धरले तर चाळीस यार्डांवर वर्तुळात १३५ च्या पुढं. कबुतराला पुरे. सहाचा छर्रा कुठल्या नळीतून आला हे त्याला कळत नाही. २८ ग्रॅमचीही मिळतात, हलक्या वीसमध्ये ती चांगली झोंबतात, माझा कल २४-२६ कडं.

मात्र एका गोष्टीत नवऱ्यापेक्षा तुम्हीच कडक राहा. वीसची काडतुसं सहसा पिवळी असतात आणि ते शोभेसाठी नाही. वीसचं काडतूस बारीक असतं, बाराच्या नळीत टाकलं तर चेंबरमधून पुढं घसरतं आणि तिथंच अडकून बसतं. मागून बघणाऱ्याला चेंबर रिकामं दिसतं. घाईत तो बाराचं काडतूस घालतो, चाप ओढतो आणि नळी फुटते, डाव्या हाताच्या जागीच. म्हणून एका लपणात दोन बोअर नकोत. तुम्ही बांधाच्या या टोकाला, मंडळी त्या टोकाला. घरी आल्यावर खिसे, पिशव्या आणि गाडीतला खोका उलटा करून पाहा. कोटाच्या अस्तरात शिरलेलं एखादं पिवळं काडतूस हमखास निघतं, आणि पुढच्या शनिवारी तो कोट कोण घालेल याचा नेम नसतो.