फादरांना तेच पाप पुन्हा कसं सांगू?

(त्या बाईंच्या संमतीनं आणि ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे.)

"रोज प्रार्थना करते, दर महिन्याला कुमसार करते. तरी मी बदलत का नाही? माझी श्रद्धाच कमी पडते का?" म्हापशातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न बऱ्याचदा येतो. या वेळी विचारणाऱ्या बाई मूळच्या कोल्हापूरकडच्या, लग्न होऊन गोव्यात, बार्देसात आलेल्या. नवरा बोटीवर, एकदा गेला की आठ-नऊ महिने. घरात सासू आणि नववीतली मुलगी. मुलीवर ओरडायचं, रात्री रडायचं, मग फादरांपुढे कबुली. या कबुलीचा ‘कुमसार’ हा शब्दही सासूकडूनच शिकलेला. "फादरांनासुद्धा आता पाठ झालं असेल," म्हणाल्या. हसल्या नाहीत.

मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे पापाचं मी काय सांगणार? राग आला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारा, इतकंच सुचवलं.

महिन्यानं पान घेऊन आल्या. तेलकट बोटांचे डाग, तेरा फुल्या. त्यातल्या बऱ्याच नवऱ्याचा फोन आला त्या दिवशीच्या. तो विचारायचा, आईच्या गोळ्या आणल्या का, फी भरली का, कौलं गळतात का.

"त्यांनी काय विचारायला हवं होतं?"

बराच वेळ गप्प. मग, "जेवलीस का, एवढंच." आणि लगेच, "पण माणसाकडून असं मागायचं म्हणजे देव पुरत नाही असंच झालं ना, मॅडम?"

खरी गाठ इथं असते. मी विचारलं, "पकडला जाण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू एकटाच गेला होता का?"

"नाही. शिष्यांपैकी पेत्र होता, जब्दीचे दोघे मुलगे होते. माझ्याबरोबर जागे राहा म्हणाला त्यांना." थांबल्या. "आणि ते झोपले."

मी पुढे काही बोलले नाही.

राग गिळायचा निश्चय त्यांनी आजवर दहादा केला असेल. तो आम्ही सोडून दिला. नवऱ्याकडे एक वाक्य मागायचं ठरलं. पहिल्या वेळी ते "माझी कधी चौकशी केलीस?" असं तोंडातून निघालं आणि भांडण झालं. पडेल चेहऱ्यानं आल्या. त्यांना सांगितलं, प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्यांचा अभ्यास मांडला, त्यातही माणसं टप्प्याटप्प्यानं पुढे जातात, घसरतात, पुन्हा चढतात. त्यांना अभ्यासापेक्षा सिगारेटवाल्यांचा आधार जास्त वाटला असावा.

कॅलेंडरवरची दुसरी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती, ती त्यांनीच दाखवली. उरलेल्या फुल्या तेर्स, म्हणजे घरातली जपमाळेची प्रार्थना, अर्धवट सोडून उठल्याच्या संध्याकाळच्या. तेर्स संपला की धाकटी माणसं थोरांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. मुलगी आजीकडे मागायची, तेव्हा या कुकरपाशी. आता भात आधीच लावतात. सासूचा हात डोक्यावर येतो, "खरखरीत आहे, केस अडकतात त्यात." गुण प्रार्थनेचा, हाताचा की दहा मिनिटं बसण्याचा, ते मी वेगळं करायला गेले नाही.

गेल्या महिन्यात चार फुल्या होत्या. नवरा आता फोन लागताच "जेवलीस?" म्हणतो, इकडे दुपारचे चार वाजलेले असले तरी.

"पाठ केल्यासारखं विचारतो हो."

"मग?"

"मग काय, सांगते काय जेवले ते."