झिंक ऑक्साइड-युजेनॉल मे महिन्यात स्लॅबवरच का घट्ट होतं?

भाऊ, भुसावळच्या क्लिनिकमधून तुम्ही दोन तक्रारी लिहिल्यात: झिंक ऑक्साइडची पावडर आणि युजेनॉलचा द्रव यांचं मिश्रण दाढेत जायच्या आत स्लॅबवरच (मिसळायच्या काचेवर) आवळतं, आणि ही टेम्पररी (तात्पुरतं भरण) काढून भरलेलं कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं रेझिनचं भरण) तळाशी मऊ राहतं. पावडरची कंपनी बदलून फरक पडणार नाही. दोन्हींचं मूळ मिसळण्यात आहे.

झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांची अभिक्रिया पाण्याच्या अंशाशिवाय नीट चालत नाही. आधी हायड्रॉक्साइड होतं, मग त्याचं झिंक युजेनोलेट. म्हणून उष्णता आणि ओल, दोन्हींनी ते लवकर सेट होतं. आपल्याकडे मेमध्ये बाहेर 44-45 अंश आणि खिडकीत पाण्याचा कूलर. कूलर गारवा देतो, पण सोबत ओलही आत सोडतो. त्यात स्लॅब फ्रीजमधून थेट टेबलावर आणला की काचेवर दव धरतं आणि गारव्याने मिळालेली सवड ते पाणी खाऊन टाकतं. काचेवर बोट फिरवून बघा, ओली रेघ उमटली तर पुसून कोरडा करा. स्लॅब किंचित गार असला तरी पुरे. कूलरचा झोत टेबलावर नको, आणि पावडरच्या बाटलीचं झाकण लगेच लावायचं.

प्रमाण वजनाने द्रवाच्या चौपट ते सहापट पावडर. आधी पावडर काढून ठेवा, युजेनॉलचे थेंब शेवटी टाका. निम्मी पावडर एकदम मिसळायची, उरलेली थोडी थोडी. इथेच बहुतेकांचं चुकतं: मिश्रण कोरडं, भुरभुरीत दिसलं की हात थांबतो. स्पॅच्युलाने दाबून घोटत राहिलं की तेच मऊ होतं आणि आणखी पावडर घेतं. वळी केली आणि ग्लोव्हला चिकटली नाही, म्हणजे झालं.

पावडर कमी पडली की मोकळं युजेनॉल जास्त उरतं आणि ते कॉम्पोझिटच्या पॉलिमरायझेशनला (रेझिन कडक होण्याला) अडवतं. तुमचा दुसरा प्रश्न इथेच सुटतो. कॉम्पोझिट ठरलेलं असेल तर टेम्पररी युजेनॉलविरहित घ्या. आधीचं युजेनॉलवालं असेल तर कणही न ठेवता काढा, प्युमिस-पाण्याने घासा आणि सेल्फ-एचऐवजी (न धुता लावायच्या बाँडऐवजी) एच करून, म्हणजे आम्लाने पृष्ठभाग खरबरीत करून, धुण्याची पद्धत वापरा. युजेनॉल गडद तपकिरी झालं असेल तर बाटली फेकाच.

कॅप चिकटवायच्या झिंक फॉस्फेट सिमेंटची रीत मात्र उलटी. त्याच्या पावडरीत साधारण 90 टक्के झिंक ऑक्साइड, 10 टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड. द्रवातल्या आम्लाशी गाठ पडली की चांगलीच उष्णता निघते. म्हणून चिमूट-चिमूट पावडर, गार कोरडा स्लॅब, रुंद पसरून 60 ते 90 सेकंद. पॉलिकार्बोक्झिलेट या दुसऱ्या सिमेंटचा द्रव फ्रीजमध्ये ठेवू नका, तो दाट होतो.

जाता जाता विचारलेली झिर्कोनियाची कॅप: त्यात सिलिका नाही, हायड्रोफ्लुओरिक आम्लाने नेहमीसारखं एचिंग होत नाही. ट्राय-इननंतर (तोंडात बसवून बघितल्यावर) आतून फॉस्फोरिक आम्लही लावू नका. त्याचे फॉस्फेट झिर्कोनियाला धरून बसतात आणि एमडीपी प्राइमरला (झिर्कोनियाला सिमेंट धरवणाऱ्या द्रवाला) जागा उरत नाही. 50 मायक्रॉन अॅल्युमिना, म्हणजे बारीक भुकटी, साधारण 2 बार हवेच्या दाबाने आतून मारा, मग प्राइमर.