वृद्धाश्रमाची पाहणी करायला जाशील तेव्हा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. देणगी देण्याआधी वृद्धाश्रम बघून यायचं काम ट्रस्टने तुझ्यावर सोपवलंय, हे वाचून बरं वाटलं. तू पाठवलेला फॉर्मही पाहिला. खाटा किती, संडास किती, रॅम्प आहे का, सीसीटीव्ही आहे का. भर तो, अर्ध्या तासात होईल. मग सगळ्यात परावलंबी माणसाची खाट कुठली ते विचार आणि तिथे जाऊन बस. पक्षाघात झालेला, बोलता न येणारा, ज्याला भेटायला कुणी येत नाही असा माणूस. हिंडत्याफिरत्या आजोबांचं बहुतेक ठिकाणी बरं चाललेलं असतं. ते भांडून आपलं आपण मिळवतात.

आधी त्या माणसाला, त्याला सांगता येत नसेल तर घरच्यांना विचार, आणि मग नर्स किंवा मावशी पडदा ओढून त्याची कूस बदलतात तेव्हा थांब. माकडहाड, खुबे, टाचा बघायला सांग. बेडसोअरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी, जखम नंतर होते. आधी कातडी लाल दिसते आणि बोटाने दाबून सोडलं तरी लालपणा जात नाही. सावळ्या अंगावर तो लालपणा नीट कळतही नाही, म्हणून तो भाग आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतोय का, हे नर्सला हात लावून बघायला सांगायचं. कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी असं शिकवतात. त्याचा तक्ता खाटेशी लटकवलेला असेल. तू सकाळी अकराला गेलीस आणि दुपारी तीनची सही आधीच झालेली दिसली, तर बाकीच्या वह्यांचंही काय ते समजून घे.

वजनाची वही मात्र नक्की माग. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप उतरलं, तर डॉक्टर ते गंभीरपणे घेतात. म्हणजे ५० किलोच्या आजी महिन्यात अडीच किलोंनी उतरल्या, तर कुणीतरी विचारायला हवं होतं. कारण कधीकधी अगदी साधं निघतं: कवळी बसत नाही, किंवा ताट समोर ठेवलं आणि भरवायला कुणी नाही म्हणून तासाभराने तसंच उचललं.

एक चक्कर संध्याकाळी मार. साडेसहाला जेवणं उरकून सकाळी आठला नाश्ता म्हणजे साडेतेरा तास पोटात काही नाही, आणि त्यात इन्सुलिनवरची माणसं. डायपर कमी लागावेत म्हणून संध्याकाळनंतर पाणी आखडतं देतात का, तेही बघ. डायपरच्या खरेदीची बिलं आणि लागणाऱ्या माणसांची संख्या यांचा मेळ घालून बघितलास, तर भाषणापेक्षा जास्त कळेल. भरदुपारी सगळा हॉल गाढ झोपलेला दिसला, तर झोपेची गोळी कुणी लिहून दिली, केव्हा, आणि त्यानंतर डॉक्टरांनी बघितलं का, हे विचार. रात्री मावशी किती, मामा किती, हेही व्यवस्थापकाला न विचारता मावशींनाच विचार.

पडल्याच्या नोंदी शून्य दिसल्या तर खूश होऊ नकोस. चाळीस म्हातारी माणसं वर्षभरात एकदाही पडली नाहीत, यावर माझा तरी विश्वास बसत नाही. जिथे नोंद आहे, आणि त्यानंतर बाथरूममध्ये दांडी बसवलेली आहे, ती जागा मला आवडते.

‘कसं वाटतं इथे?’ असं कुणाला विचारू नकोस. ‘छान आहे गं बाई’ हेच उत्तर येणार. त्यांना जायला दुसरी जागा कुठे आहे? २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात जिल्ह्याला निदान एक, १५० निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम आहे खरा, पण सरकार तो काढू ‘शकेल’ अशी भाषा आहे, काढलाच पाहिजे अशी नाही. हे संस्थाचालकही जाणून असतात. तेव्हा साहेब बाजूला गेल्यावर बारीकसारीक विचार. काल रात्री काय जेवलात? रात्री लघवीला उठायचं झालं तर हाक कुणाला मारता? येते का ती? ही साडी तुमचीच आहे ना? धुतलेले कपडे सगळ्यांचे एकत्र टाकून हाताला येईल ते नेसवत असतील, तर बाकीही तसंच चालत असणार. ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा नंबर भिंतीवर आहे का, आणि फोन त्यांच्या हाताला येतो का, तेही बघून ठेव.

मावशींवर राग काढू नकोस. रात्री एकटीने वीस-पंचवीस माणसं सांभाळणारी बाई हाक ऐकूनही लगेच येऊ शकत नाही, आणि तिला एकटीला ठेवायचं कुणी ठरवलं हे अहवालात स्पष्ट लिही. तिचं नाव मात्र घालू नकोस.

मसुदा मला पाठव, आजी-आजोबांची नावं काढून. आणि जाताना पेढे नेऊ नकोस. बऱ्याच जणांना साखर असते, मग मावशींना ते पेढे लपवत बसावं लागतं. राजगिऱ्याच्या लाडवांनाही तेच. केळी ने, पिकलेली, आणि तीही नर्सला विचारून.

कळावे,
तुझ्या मॅडम