मोयामोया : बायपास झाली, आता परत रक्तस्राव होईल का?

दादा, मोयामोया ह्या मेंदूच्या धमन्यांच्या आजारात रक्तस्राव होऊन वहिनींची मेंदूची बायपास झाली, आता परत रक्तस्राव होणार नाही ना, असं विचारलंय तुम्ही. सहा वर्षांपूर्वी बायकोला पुण्याहून कोल्हापूरला आणताना गाडीत मी हाच प्रश्न घोळवत होतो. मी डॉक्टर नाही, घरचा माणूस म्हणून जे कळलं ते सांगतो.

धोका बराच कमी होतो, पण जात नाही. जपानमध्ये रक्तस्राव होऊन गेलेल्या ८० प्रौढ रुग्णांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत बायपास न केलेल्यांपैकी ३१.६ टक्क्यांना परत रक्तस्राव झाला, केलेल्यांपैकी ११.९ टक्क्यांना.

ह्या आजारात मेंदूच्या मुख्य धमन्या अरुंद होतात आणि रक्त मेंदूच्या तळातल्या बारीक वाहिन्यांतून वाट काढतं. चार इंची पाइपाचं पाणी ठिबकच्या नळीत सोडल्यावर काय होईल ते उसाच्या पट्ट्यात सांगायला नको. बायपासने, म्हणजे डोक्याच्या कातडीची धमनी मेंदूच्या धमनीला जोडून, भार उतरला की ह्या वाहिन्या आक्रसतात. ज्यांच्या आक्रसत नाहीत, त्यांना धास्ती राहते.

म्हणून आधी डिस्चार्ज कार्ड काढा आणि पहिला रक्तस्राव कुठे झाला ते बघा. थॅलॅमस ह्या मेंदूच्या खोल भागाजवळ, म्हणजे मागच्या बाजूला असेल, तर परत होण्याची शक्यता जास्त. पण त्याच जपानी अभ्यासात बायपासचा फायदाही अशाच रुग्णांना जास्त दिसला. पुढच्या अँजिओग्राफीला डॉक्टरांना स्पष्ट विचारा, कोरॉइडल वाहिन्या (त्या बारीक वाहिन्यांपैकीच मागच्या बाजूच्या) कमी झाल्या का? मेंदूच्या मागच्या भागाची धमनी अरुंद होतेय का?

ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस वेगळे. उपाशी भागाला एकदम भरपूर रक्त मिळतं, त्यातूनही रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तेव्हा बीपीवर एवढी नजर ठेवतात. नंतरही आपल्या हातात मुख्य तेच आहे. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत उतरतात. पापड, लोणचं ताटातून गेलंय. (खर्डा सुटला नाही, मीठ तेवढं कमी केलं.) मिश्री-तंबाखू असेल तर आजच बंद. बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने वाढवू-थांबवू नका. बीपी फार उतरलं, पाणी कमी पडलं तर उलट मेंदूला रक्त कमी पडतं.

आणि हो, फेटा! पुतण्याच्या लग्नात फेटेवाल्याने बायकोचा फेटा कचकचून आवळला. जोडलेली धमनी कानापुढून वर जाते, बोट ठेवलं की ठोका लागतो. ती दबली तर सगळा भार परत बारीक नळ्यांवर. मी तिथंच सोडायला लावला, पाव्हणे बघत राहिले. चष्म्याची काडी, हेल्मेटचं अस्तरही तिथं रुतत नाही ना बघा.

कार्डावरची रक्तस्रावाची ओळ, नाव झाकून, इथे टाका. डॉक्टरांना काय विचारायचं ते मिळून ठरवू.