एनएचएलचं बिघडलंय ते बर्फावर नाही, गुणतालिकेत

कॅनडात नव्याने स्थायिक झालेल्या एका सदस्याने विचारलंय की, ऑफिसातले जुने हॉकीवाले ‘एनएचएल (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची व्यावसायिक लीग) आता पूर्वीची राहिली नाही’ असं सारखं म्हणतात, ते मारामाऱ्या कमी झाल्या म्हणून का?

मारामाऱ्यांचं कारण मला मुळीच पटत नाही. केवळ ठोसे मारायला संघात ठेवलेल्या खेळाडूंच्या मेंदूचं काय झालं, हे डेरेक बुगार्डच्या २०११ मधल्या मृत्यूनंतरच्या तपासणीतून जगासमोर आलं. ती प्रथा गेली ते चांगलंच झालं. खेळही उतरलेला नाही. २००३-०४ मध्ये बचावाच्या जाळ्यामुळे सामन्यामागे दोन्ही संघांचे मिळून जेमतेम ५ गोल व्हायचे, अलीकडे ६ च्या वर होतात. आजचा चौथ्या, म्हणजे सगळ्यात कमी खेळवल्या जाणाऱ्या फळीतला खेळाडूही तेव्हाच्यांपेक्षा वेगाने स्केटिंग करतो. राग यायला हवा तो लीग चालवणाऱ्यांचा, आणि त्यातही सगळ्यात आधी गुण देण्याच्या पद्धतीचा.

जिंकलेल्याला २ गुण. ६० मिनिटांत हरलेल्याला शून्य. पण ओव्हरटाइममध्ये (जादा वेळेत) किंवा शूटआउटमध्ये (एकेका खेळाडूने फक्त गोलरक्षकासमोर गोल मारायचा) हरलं तरी १ गुण. हा हरण्याचा गुण १९९९-२००० पासून आहे. २००५-०६ मध्ये शूटआउट आणून बरोबरी कायमची काढली, तरी तो तसाच ठेवला. म्हणजे वेळेत निकाल लागला तर सामन्यात २ गुण वाटले जातात, बरोबरी टिकली की ३. हा तिसरा गुण कुणाच्या खिशातून येत नाही, आणि सगळं दुखणं तिथेच आहे.

२-२ असताना तिसऱ्या म्हणजे शेवटच्या सत्राची शेवटची आठ-दहा मिनिटं लक्ष देऊन बघा, विशेषतः समोरचा संघ दुसऱ्या कॉन्फरन्सचा, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी आपल्या नसलेल्या गटाचा असेल तेव्हा. त्याला १ गुण गेला तर आपलं काहीच बिघडत नाही. मग बचावपटू पुढे यायचे थांबतात, पक (खेळायची रबरी चकती) मध्यरेषेपर्यंत आणून कोपऱ्यात भिरकावला जातो, आणि एकच खेळाडू त्याच्यामागे जातो, बाकीचे चौघे मागे रांग धरतात. दोघांनाही १ गुण पदरात पाडून घ्यायचा असतो. पुढे पाच मिनिटांचा तीन-विरुद्ध-तीन ओव्हरटाइम. २०१५-१६ मध्ये तो आला तेव्हा खरंच थरारक होता. आता प्रशिक्षकांनी त्याचाही अभ्यास केलाय: पक हातचा जाऊ द्यायचा नाही, वाट दिसली नाही की उलट आपल्या क्षेत्रात न्यायचा, दमलेले खेळाडू बदलायचे, पुन्हा फिरायचं. पक मागे नेण्यावर बंदीच नाही.

तालिकेवरचा परिणाम आणखी वाईट. तुम्ही ६ गुणांनी मागे आहात. तुम्ही जिंकून २ मिळवलेत, पुढच्याने ओव्हरटाइममध्ये हरून १ मिळवला. अंतर एकानेच कमी झालं. मार्चमध्ये वीसेक संघ ‘शर्यतीत’ दिसतात, पण पाठलाग करून कुणाला गाठणं फार अवघड असतं. साधारण चार-पाच सामन्यांतला एक ओव्हरटाइमला जातो, त्यामुळे सरासरी संघालाही ८२ सामन्यांत ९० च्या आसपास गुण पडतात आणि मालक ‘आम्ही निम्म्याच्या वर’ म्हणून तिकिटं विकतात. २०१७-१८ मध्ये न्यू जर्सी आणि फ्लोरिडा दोघांनी ४४-४४ सामने जिंकले. न्यू जर्सी ९७ गुणांवर प्लेऑफमध्ये (चषकासाठीच्या बाद फेरीत), फ्लोरिडा ९६ वर घरी. फरक होता ओव्हरटाइममधल्या एका जादा पराभवाचा.

स्वतः पडताळून बघायचं असेल तर तालिकेतले तीन रकाने घ्या: एकूण विजय, ६० मिनिटांतले विजय (‘आरडब्ल्यू’) आणि ओव्हरटाइम पराभव (‘ओटीएल’). ६० मिनिटांतल्या विजयांना ३ ने गुणा, उरलेल्या विजयांना २ ने, आणि त्यात ओव्हरटाइम पराभव मिळवा. ऑलिंपिकमध्ये हीच ३-२-१-० पद्धत असते, प्रत्येक सामन्यात ३ गुण. असा तक्ता लावला की शूटआउटवर तगलेले संघ लगेच उघडे पडतात.

बाकीच्या तक्रारीही खोट्या नाहीत. २०१३ मध्ये मॅट डुशेन उघडउघड ऑफसाइड (पकच्या आधीच विरोधी क्षेत्रात शिरलेला) असताना गोल दिला गेला. अशी ढोबळ चूक पकडायला २०१५-१६ मध्ये प्रशिक्षकांना दाद मागण्याची सोय दिली. आता क्षेत्राची हद्द दाखवणाऱ्या १२ इंच रुंदीच्या निळ्या रेषेवर स्केटचं पातं अर्धा इंच पुढे होतं का, हे शोधण्यात मिनिटं जातात, आणि क्षेत्रात शिरल्यानंतर तीस-चाळीस सेकंदांनी झालेला गोलही रद्द होतो. क्षेत्रात शिरल्यावर दहा सेकंदांत गोल झाला तरच दाद मागता येईल, एवढा नियम केला तरी पुष्कळ होईल.

पगारमर्यादेचंही (संघाच्या एकूण पगारखर्चावरच्या मर्यादेचं) तेच. २०२०-२१ मध्ये टँपा बेचा कुचेरोव्ह शस्त्रक्रियेमुळे साखळीतले सगळे ५६ सामने बाहेर होता. त्याच्या ९५ लाख डॉलरांची जागा दुसऱ्यांवर वापरली गेली, तो प्लेऑफच्या पहिल्याच सामन्याला हजर झाला, संघाने चषक जिंकला. तेव्हा प्लेऑफला मर्यादाच लागू नव्हती, त्यामुळे सगळं नियमात बसत होतं. ती पळवाट बुजवायला लीग आणि खेळाडू संघटनेचा २०२५ चा नवा करार लागला.

आणि कॅनडातल्या माणसांचा जिव्हाळ्याचा राग: क्विबेक शहराचा संघ १९९५ मध्ये गेला. २०१५ पासून तिथे १८ हजार आसनांचं नवं स्टेडियम उभं आहे, पण संघ नाही. ॲरिझोनाचा संघ मात्र २००९ मध्ये दिवाळखोरीत जाऊनही लीगने पंधरा वर्षं तिथेच धरून ठेवला, शेवटची दोन वर्षं तर विद्यापीठाच्या साडेचार हजार आसनांच्या रिंकमध्ये. २०२४ मध्ये तो हलला, तोही अमेरिकेतल्याच सॉल्ट लेक सिटीला.

तुम्ही टोरांटो, ओटावा, माँट्रियल किंवा व्हँकुव्हरच्या आसपास असाल तर महिलांच्या आइस हॉकी लीगचा, पीडब्ल्यूएचएलचा सामना आवर्जून बघा. जानेवारी २०२४ मध्ये लीग सुरू झाली तेव्हापासून तिथे ३-२-१-० आहे. बरोबरीत असलेला संघ शेवटच्या पाच मिनिटांत तिसऱ्या गुणासाठी बचावपटूला पुढे का पाठवतो, ते तिथे समजेल.